रोशनच्या माइकमधले ढोल

१

नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडच्या कडेनं ट्रान्सपोर्टची गोदामं सुरू होतात, त्याच रांगेत पुष्पलताची मेस आहे. वर पत्रे, समोर लांब टेबलं, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं राहायची खोली. खोलीत पुष्पलता, तिचा नवरा रविंद्र आणि एकुलता एक मुलगा रोशन. आता रविंद्र म्हणायला राहतो, एवढंच. त्याचा ट्रक सदान्‌कदा रायपूरच्या रस्त्याला. मेस खरी चालते ती पुष्पलताच्या जिवावर आणि तिच्या तोंडावर, कारण बाई हाताला गोड पण बोलायला तिखट.

दुपारी गोदामातली मंडळी जेवायला येतात तेव्हा पहिली पोळी ताटात पडेपर्यंत जरा दम धरावा लागतो. तेवढ्यात सगळे आपापले मोबाइल पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभे करतात, आणि टेबलाच्या टोकाकडून प्रश्न निघतो, "बोला, सध्या काय खेळून राहिले?" मग एकेकानं सांगायचं. कोणता गेम, कुठवर आला, कुठं अडला. न सांगता कोणी पोळीला हात लावला तर बाकीचे नुसता गलका करतात. ही पद्धत पाडली होती रोशननं. त्याच्यासारखा खेळणारा अख्ख्या रांगेत नव्हता, म्हणून त्याला विचारायचाही शौक होता आणि सांगायचाही.

पोळा होऊन काही दिवस झाले होते. त्या दुपारी प्रश्न नेहमीसारखाच फिरत आला. आता रोशनच्या जागी विचारणारा होता गोदामातला विक्की.

"माही कोबी आली ना!" बिलिंगला बसणारी मिनल म्हणाली. "आता टमाटे लावतो."

"हिच्या बापाची खरी शेती पडली आहे पारशिवनीले," विक्की म्हणाला, "तिथं बांधावर पाय नाही ठेवत, अन् इथं कोबीले पाणी देऊन राहिली."

"तू बोलूच नको! दिवसभर ट्रकात पोते भरून राहिला, अन् जेवाले बसला का मोबाइलवर ट्रक हाकून राहिला. तुले कंटाळा नाही येत?"

सगळे हसले. पुष्पलता वरणाचं पातेलं घेऊन टेबलाशी आली होती, तीही हसली. "अन् तुहं काय गा, साहिल?"

साहिल रोशनचा जुना दोस्त. शेजारच्या गोदामात माल उतरवायला असतो. तो म्हणाला, "माहं काय काकू, मी अन् रोशन. रानगड."

पुष्पलताचा डाव पातेल्यातच राहिला. "रोशन? त्यानं तर मारबतीच्या मिरवणुकीपासून मोबाइल हातात नाही घेतला."

"काय सांगता! रोज दुपारी असते आमच्यासोबत. कालच तर त्यानं एकट्यानं दरवाजा धरला किल्ल्याचा."

रोशन तिथंच होता. पाण्याचा जग घेऊन ग्लास भरत होता. त्यानं मान वर केली. "मी नाही खेळत," तो म्हणाला, आणि पुढचा ग्लास भरायला लागला.

"वा बे! मंग काल काय तुहं भूत होतं?" साहिल म्हणाला. पुन्हा सगळे हसले. रोशन हसला नाही आणि चिडलाही नाही. पुष्पलता तशीच आत गेली आणि तांदळाच्या पिपाचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला. रोशनचा मोबाइल तिनं ठेवला होता तिथंच, तांदळाच्या तळाशी होता. बटण दाबून पाहिलं. काळाठिक्कर पडदा. चार्जिंग कधीच मेलं होतं.

२

पुष्पलताला राग येण्यासारखं घडलं होतं, हे आधी सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही तिलाच बोल लावाल.

रोशन चांगला गोदामात माल तपासायच्या कामाला लागला होता. पण लक्ष मोबाइलात. रायपूरचा माल अकोल्याच्या ट्रकात चढला आणि साहेबांनी त्याला घरी बसवलं. त्यानंतर पोरगं दिवसभर रानगड खेळायचं. चौघांनी मिळून एका बेटावरचा किल्ला राखायचा, कानात इअरफोन घालून माइकवर एकमेकांना हाका मारायच्या, असला तो गेम. "आई, एकच डाव" म्हणता म्हणता सकाळची संध्याकाळ व्हायची.

पोळ्याच्या दिवशी पुरण शिजत होतं. पुष्पलताचा पाय घसरला आणि उकळतं पाणी तिच्या हातावर सांडलं. ती रोशन, रोशन म्हणून जीव तोडून ओरडली. पोरगं पलीकडच्या खोलीत होतं, कानात इअरफोनचे बोळे. टेबलावरचा विक्की धावत आला, त्यानं हात नळाखाली धरला. रोशन बाहेर आला तो डाव संपल्यावर. म्हणाला, "आई, पुरणपोळी झाली का?" त्या प्रश्नानं तिच्या काळजाला जो चटका बसला तो हातावरच्या फोडांपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मारबत. पुष्पलताचं माहेर नागपुरातल्या इतवारीतलं, त्यामुळे मारबतीला ती दरवर्षी रोशनला घेऊन तिकडं जायचीच. काळी मारबत, पिवळी मारबत, बांबू, भाताचं तणीस आणि कागद यांच्या त्या भल्यामोठ्या भेसूर बाया माणसांच्या डोक्यांवरून डुलत डुलत येतात. ढोल-ताशांनी छातीत धडधड होते. आणि ज्याला जे गावाबाहेर जावंसं वाटतं ते तो ओरडून सांगतो. कोणी खोकला घेऊन जा म्हणतो, कोणी डास, कोणी रस्त्यातले खड्डे. मग ते सगळं घेऊन ती जाते आणि शेवटी तिला जाळतात. इतकं साधं आहे ते. लहानपणापासून पुष्पलता ओरडत आली होती, आणि डास काही कधी गेले नव्हते.

रोशन तिच्या मागंच उभा होता. एक हात उंच करून मिरवणुकीचा व्हिडिओ काढत होता, आणि कानात बोळे तसेच. पुष्पलतानं मागं वळून पाहिलं. पट्टी बांधलेला हात त्याच्याकडं केला आणि सगळा जीव एकवटून ती ओरडली, "माह्या घरातला हा खेळणारा घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. रोशनही हसला. त्याचं हसणं उचकी लागल्यासारखं असायचं, मध्येच अडकणारं. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला आणि दोघांची ताटातूट झाली. पुष्पलता माणसांच्या रेट्यात पुढं सरकत एका गल्लीत शिरली. बऱ्याच वेळानं तिच्या मागून रोशन गल्लीत आला. घरी आल्यावर त्यानं आपणहून मोबाइल काढला आणि तिच्या हातात ठेवला.

त्या दिवसापासून पोरगं सुधारलं. कांदे चिरायला लागलं, पाणी भरायला लागलं. कारल्याला नाक मुरडणारा रोशन, ताटात वाढलं तर कारलंही खाऊन उठायचा. शेजारपाजारच्या बायकांनी तिला विचारलं, काय केलं वं पुष्पा तू? तिलाही कौतुक वाटलं. पहिल्या एकदोन दिवसांत तर ती देवापुढं रडलीसुद्धा, आनंदानं.

मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रोशनला लहानपणापासून एक वाईट खोड होती. हात धुतले की मागून येऊन तो तिच्या पदराला पुसायचा. एवढा बाप्या झाला तरी. ती "अरे टॉवेल काय पूजेले ठेवला का!" म्हणून खेकसायची आणि तो दात काढायचा. आता तो हात धुऊन खुंटीवरच्या टॉवेलला पुसत होता. दर वेळी, न चुकता, दोन्ही हात, नीट.

३

साहिलच्या बोलण्यावर तिनं बराच विचार केला. बाई भोळी होती पण अडाणी नव्हती. तिनं रविंद्रला फोन लावला.

"कोणी पोट्ट्यानं त्याचा आयडी चोरला असन," रविंद्र म्हणाला. त्याच्या मागं ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

"अन् आवाज? साहिल म्हणते आवाज रोशनचाच आहे."

"आजकाल आवाजबी बनवते मशीनवर. तू कायले डोकं खपवून राहिली? पोरगा घरात आहे ना? काम करून राहिला ना? मंग!"

"तुमच्याशी बोलला का थो फोनवर?"

"बोलला. हाव म्हणे, बरं म्हणे."

"पहिले कसा बोले तुमच्याशी? ट्रक कुठवर आला, ढाब्यावर काय खाल्लं, सारं विचारे. फोन ठेवू देत नव्हता."

"मोठा झाला आता," रविंद्र म्हणाला. इंजिनाची घरघर वाढली आणि फोन कटला.

ती त्याला डॉक्टरकडंही घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, जीभ पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले. रोशननं बरोबर उत्तरं दिली. डॉक्टर म्हणाले, बाई, पोरगा शहाणा झाला तर लोक पेढे वाटतात, तुम्ही त्याला दवाखान्यात काय आणता? पुष्पलता हसली आणि परतताना रिक्षात त्याच्याकडं पाहत राहिली. पूर्वी रिक्षात बसला की त्याचे अंगठे मोबाइल नसला तरी मांडीवर वळवळायचे. आता दोन्ही हात मांडीवर होते, कोणीतरी आणून ठेवल्यासारखे.

४

जेवणं आटोपून मेस रिकामी झाली की दुपारी एक सुस्ती येते. पंखा कुरकुरत असतो, रोडवरून ट्रक गेले की पत्रे थरथरतात. अशा एका दुपारी तिनं साहिलला थांबवून घेतलं. रोशन स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसला होता. दारातून त्याची पाठ दिसत होती आणि सूप हलवल्याचा सर सर आवाज येत होता.

"मले ऐकू दे," ती म्हणाली.

"काकू, तुमी उगाच…" पण साहिलनं मोबाइल काढला. त्याचाही चेहरा आता तितकासा हसरा राहिला नव्हता. त्यानं गेम सुरू केला आणि आवाज मोठा केला. पडद्यावर एक गवताळ बेट होतं, दूर किल्ल्याची भिंत. तीन माणसं उभी होती. त्यातला एक जण पाठमोरा.

"हा रोशन," साहिल पाठमोऱ्याकडं बोट दाखवून म्हणाला.

मग आवाज आला. "अबे साहिल, किती उशीर बे! डावीकडून ये, डावीकडून." आणि हसला. उचकी लागल्यासारखं, मध्येच अडकणारं हसणं.

पुष्पलतानं टेबलाची कड धरली. मशीन आवाज बनवत असेल, पण हे हसणं कोणत्या मशीनला माहीत? मग तिच्या ध्यानात आलं की आवाजाच्या मागं अजून काहीतरी वाजतंय. लांबून, थापेवर थाप पडल्यासारखं.

"हे मागं काय वाजून राहिलं?"

"थो ढोल ना?" साहिल हळूच म्हणाला. "त्याच्या माइकमध्ये नेहमी असते. मिरवणूक चालू असल्यावानी. आमी म्हणतो, बंद कर बे. थो म्हणते, थांबतच नाही."

तिनं मोबाइल तोंडाजवळ घेतला. हातावरच्या फोडांचे डाग अजून गेले नव्हते. "रोशन?"

हसणं थांबलं. ढोल वाजत राहिले.

"आई?" आवाज एकदम लहान झाला. "आई, तू कुठून बोलून राहिली?"

"घरून, बाबू. मेसमधून."

"तू पुढं काहून निघून गेली वं? मी तुह्या मागंच होतो ना. किती हाका मारल्या तुले. ह्या ढोलाच्या आवाजात तुले ऐकूच गेलं नसन."

पुष्पलता इकडं हाका मारत होती तेव्हा त्याला ऐकू गेलं नव्हतं, आणि आता त्याच्या हाका… तिनं तो विचार तिथंच तोडला. "तू कुठं आहे, रोशन?"

"रस्त्यातच. हे लोक थांबतच नाही, अन् मांगं फिरू देत नाही. सगळ्याइचे तोंडं पुढंच. कोणी बोलत नाही माह्याशी. खेळतो तेवढा वेळ बरं वाटते, म्हणून खेळतो." मग तो म्हणाला, "आई, बाबा घरी आले का?"

"नाही. घरी मी अन् तू…" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी तर इथं आहो," आवाज म्हणाला. "आई, घरी कोण आहे?"

तेव्हा पुष्पलताला कळलं की स्वयंपाकघरातली सर सर बंद झाली आहे. तिनं मान वळवली. रोशन दारात उभा होता, हातात सूप. त्यातले तांदूळ पांढरेशुभ्र, एकही खडा नाही. तो तिच्याकडं पाहत होता, आणि ते डोळे तिच्याच पोराचे होते, कुठं काही कमी नव्हतं.

"आई, तांदूळ झाले," तो म्हणाला.

५

पोराला घाबरायचं कसं? तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ तिला पाठ होता. ते सगळे तीळ जागच्या जागी होते. त्याला ताप नव्हता, राग नव्हता, काही मागणं नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. तिला त्याची भीती वाटत नव्हती. तिला त्याची कीव यायची, आणि त्याहून जास्त लाज वाटायची की आपल्याला दुसराच हवा आहे.

तिनं पिपातला मोबाइल काढला, पुसला, चार्जिंगला लावला आणि रोशनच्या हातात दिला.

"खेळ," ती म्हणाली.

त्यानं मोबाइल हातात धरला, विटेचा तुकडा धरावा तसा. "काय करायचं याचं?"

"रानगड खेळ बाबू. मी नाही रागावत. दिवसभर खेळ. काम करू नको, कांदे चिरू नको. पण खेळ."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं. समजावं म्हणून तो खरंच धडपडतोय असं तिला वाटलं. मग त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला आणि ताटं उचलायला लागला. पुष्पलतानं तोंडात पदर कोंबला आणि आतल्या खोलीत जाऊन रडली.

मग रोज दुपारी ती साहिलच्या मोबाइलवर बोलू लागली. मेसमधल्या मंडळींना वाटलं, काकूलाही गेमचं वेड लागलं. मिनल तर म्हणाली, "काकू, या मी शिकवतो तुम्हाले." पुष्पलतानं काही सांगितलं नाही. सांगून करणार काय? साहिललाही तिनं शपथ घातली. आणि तो पोरगा, मोठमोठी पोती पाठीवर घेणारा, मोबाइल तिच्या हातात देऊन लांब रोडकडे तोंड करून उभा राहायचा.

आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला. ढोल तेवढेच, आवाज बारीक. कधी तो म्हणायचा, घरं संपली. कधी म्हणायचा, आता झाडंच झाडं. ती त्याला आठवणी काढायला लावायची, लहानपणचा तान्हा पोळा, त्याचा लाकडी बैल, बैलाचं मोडलेलं शिंग. तो ऐकायचा, हसायचा, मग मध्येच विचारायचा, "आई, अजून किती लांब आहे?"

एका दुपारी तो म्हणाला, "पुढं धूर दिसून राहिला."

मिरवणूक शेवटी कुठं जाते आणि तिथं काय करतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं मनाला समजावून पाहिलं. मारबत त्याच दिवशी जळाली. तिची राखही गार झाली असेल, त्यावर पाऊसही पडून गेला. आता कुठली मिरवणूक आणि कसला धूर? सगळं अगदी बरोबर होतं. आणि कानात ढोल वाजत होते.

६

दुसऱ्या दिवशी भर जेवणाच्या वेळी साहिल आला तो पांढराफटक. "काकू," तो कानाशी म्हणाला, "थो सकाळपासून तुमालेच बोलावून राहिला."

मेस गच्च भरलेली. टेबलाच्या टोकावर विक्कीनं नेहमीचा प्रश्न सुरू केला होता. रोशन जग घेऊन पाणी वाढत फिरत होता. पुष्पलता हातात डाव घेऊन तशीच बाहेर आली. साहिलनं मोबाइल ग्लासाला टेकवला. पडद्यावर किल्ला नव्हता, बेट नव्हतं, नुसतं राखाडी. त्यात एक पाठमोरा माणूस चालत होता, आणि कोणाचंही बोट पडद्यावर नव्हतं.

"आई," आवाज आला, अगदी क्षीण. "डोळ्याले लागून राहिलं वं. पाय भाजून राहिले."

"मांगं फिर, रोशन! मांगं फिर!"

"फिरू देत नाही. मी म्हणलं, मले घरी जायचं आहे. थे म्हणते, तुले तर आमाले दिलं." मग रडू दाबल्यासारखा आवाज, "तूच सांग ना त्याइले. तू सांगितलं होतं, तूच सांग."

मिनलचा घास हातातच होता. पुष्पलतानं सगळ्यांवरून नजर फिरवली. काय म्हणतील लोक, हा विचार तिच्या मनात आला आणि गेला. जन्मभर मारबतीला फक्त घेऊन जा म्हणतात. आणून दे असं कोणी कधी ओरडलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. इतवारीत ओरडली होती तितक्याच, त्याहून मोठ्या आवाजात ती ओरडली, "माहा खेळणारा आणून दे गे मारबत! जसा असन तसा आणून दे!"

पत्र्याखाली तिचा आवाज घुमला. डाव खाली पडला. आणि ढोल थांबले.

इतके दिवस वाजणारी ती गोष्ट थांबली तेव्हा मेसमधला पंखा केवढा आवाज करतो, हे सगळ्यांना ऐकू आलं.

"रोशन?" ती म्हणाली. "बाबू?"

साहिलनं मोबाइल उचलून पाहिला. "काकू… थो नाही. निघून गेला. नावच नाही दिसत त्याचं."

वाचला की जळाला? कोणाला विचारणार? पुष्पलता उभी राहिली तशीच. मग तिला करपल्याचा वास आला. तव्यावर पोळी राहिली होती. जगात काहीही होवो, गॅसवरची पोळी बाई विसरू शकत नाही. ती आत गेली.

तव्यावरची पोळी मात्र नुकती फुगत होती. कुठंच करपली नव्हती. वास तव्याचा नव्हता. वाळलेलं तणीस आणि कागद जळावा तसा वास तिच्या पाठीमागून, आतल्या खोलीच्या दारातून येत होता.

तिनं गॅस बंद केला. समोरच्या दारातून तिला सगळी मेस दिसत होती. टेबलाशी रोशन वाकून विक्कीच्या ग्लासात पाणी ओतत होता. तो तिथं होता, तिच्या डोळ्यांपुढं.

आणि मागून कोणीतरी तिचा पदर हातात घेतला.

हळूच, सवयीनं. आधी एक हात पुसला, मग दुसरा. पदर खांद्यावर ओढला गेला. तिला ओल जाणवली आणि ओलीतली ऊब, विस्तवापाशी बराच वेळ बसून आलेल्या माणसाच्या हातांसारखी. खांद्यावरून पुढं आलेल्या काठावर काळी बोटं उमटत गेली. तिनं ती पाहिली. मागं कोणी श्वास घेत होतं, अडकत अडकत.

बाहेर विक्कीचा ग्लास भरून वाहायला लागला. पाणी टेबलावरून खाली सांडलं तरी रोशनचा जग सरळ होईना. तो दारातून तिच्याकडं, तिच्या खांद्यामागं पाहत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, आणि ती भीती होती.

"आई," त्यानं विचारलं, "तुह्या मागं कोण आहे?"

पुष्पलताला वळून पाहायचं होतं. जिवाच्या आकांतानं पाहायचं होतं. पण मान वळेना. आपण काय मागितलं ते तिला माहीत होतं, काय मिळालं ते माहीत नव्हतं. तिनं न वळताच खांद्यावरचा पदर सोडवला आणि त्याचं कोरडं टोक मागं, त्या वासाच्या दिशेनं धरलं.

"नीट पूस," ती म्हणाली. "अजून ओले आहे हात."

पदर पलीकडून हळूच ओढला गेला, आणि तिनं तो घट्ट धरून ठेवला.